बीए-बीकॉमच्या मुलांना विज्ञान साक्षरता शिकवताना काय ठेवावं, काय गाळावं?

तुमचा प्रश्न मला असा समजला. तुम्ही तालुक्याच्या गावी महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवता. नव्या शैक्षणिक धोरणानंतर कला आणि वाणिज्य शाखेच्या मुलांसाठी ‘विज्ञान साक्षरता’ हा दोन क्रेडिटचा, म्हणजे सत्रात ३० तासांचा, ओपन इलेक्टिव्ह (आपल्या शाखेबाहेरचा ऐच्छिक विषय) तुमच्याकडे आला. पहिल्या वर्षी तुम्ही अणुरचना, पेशी, प्रकाश, विद्युत आणि पर्यावरण असे पाच घटक घेतलेत. मुलांनी नोट्स पाठ केल्या, निकाल उत्तम लागला. सत्र संपल्यावर त्यातल्याच एका हुशार मुलाने वर्गाच्या ग्रुपवर मधुमेह मुळापासून घालवणाऱ्या काढ्याची जाहिरात टाकली आणि खाली लिहिलं, ‘शंभर टक्के गुण येतो’. आता तुम्ही विचारता की अभ्यासक्रमात आणखी कोणता घटक घालू, आणि दहावीनंतर विज्ञान सोडलेल्या मुलांना किती खोलात नेऊ.

माझं म्हणणं असं की घटक वाढवू नका, कमी करा. त्या मुलाला पेशी येत नव्हती म्हणून त्याने ती जाहिरात पाठवली नाही. पेशीचे भाग त्याने परीक्षेत लिहिलेही असतील. ‘गुण आला हे कशावरून ठरवलं?’ हा प्रश्न विचारायची सवय त्याला कुणी लावली नव्हती. आपण विज्ञानाचे शिक्षक विज्ञान साक्षरता म्हणजे बीएस्सीचा अभ्यासक्रम पातळ करून वाढायचा, असं धरून चालतो. ३० तासांत ते शक्यही नसतं आणि झालं तरी त्याचा या मुलांना उपयोग होत नाही. ती पुढे शेतकरी, तलाठी, बँकेतल्या कर्मचारी, दुकानदार, आई-बाप, ग्रामपंचायत सदस्य होणार आहेत. तिथे त्यांच्यासमोर अणुरचना येणार नाही. येतील ते दावे: हे औषध लागू पडतं, हे पाणी शुद्ध आहे, यंदा पाऊस चांगला आहे, ही लस घातक आहे. दावा समोर आला की काय करायचं, एवढं एकच कौशल्य ३० तासांत नीट बसतं.

बेंजामिन शेन यांनी १९७५ साली विज्ञान साक्षरतेचे तीन प्रकार सांगितले होते: रोजच्या जगण्यात उपयोगी पडणारी व्यावहारिक, नागरिक म्हणून मत बनवायला लागणारी नागरी, आणि विज्ञानाकडे मानवी कर्तृत्व म्हणून पाहणारी सांस्कृतिक. तिन्ही मोलाच्या आहेत. पण दोन क्रेडिटमध्ये मी पहिल्या दोनच घेते. कृष्णविवरांवर मुलं तासभर डोळे विस्फारून ऐकतात हे खरं आहे. तो तास विज्ञान मंडळाच्या व्याख्यानमालेत घ्यावा.

आता काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत. महाविद्यालय स्वायत्त असेल तर घटक तुम्ही स्वतः ठरवू शकाल. संलग्न असेल आणि अभ्यास मंडळाने घटक छापून दिले असतील, तर नावं तीच ठेवून आतला मजकूर बदलायला बरीच जागा असते. ‘विद्युत’ या घटकाखाली पाण्याचा प्रयोग होतो, ‘पर्यावरण’खाली हवामानाचा अंदाज, ‘आरोग्य’खाली सर्पदंश. वर्गात ४० मुलं असतील तर चर्चा होते. १२० असतील तर मी बाकावरच्या तिघांचा एक गट करते आणि प्रत्येक गटाकडून एका ओळीचं लेखी उत्तर घेते, नाहीतर पुढच्या दोन रांगाच बोलतात. प्रयोगशाळा मिळाली तर छान, पण मी खाली सांगते त्याला ती लागत नाही. भाषेचं मात्र ठाम सांगते: मराठीतून शिकवा. शंका विचारणं हाच ज्या विषयाचा प्राण आहे, त्यात मुलाला शंका परक्या भाषेत जुळवत बसावी लागली तर तो गप्प राहील.

मी पहिले तीन-चार तास पाण्याला देते. सविस्तर लिहिते, कारण बाकी सगळं त्यावर उभं राहतं.

वॉटर प्युरिफायर विकणारे लोक घरोघरी एक प्रात्यक्षिक दाखवतात, ते तुम्ही पाहिलं असेल. एका ग्लासात नळाचं पाणी, दुसऱ्यात आरओचं. दोन्हींत धातूच्या कांड्या बुडवून वीज सोडतात. मिनिटाभरात नळाचं पाणी हिरवट-तपकिरी, गाळकट होतं, आरओचं स्वच्छ राहतं. ‘बघा ताई, तुमची मुलं हे पितात!’ वर्गात विचारलं तर निम्म्या मुलांच्या घरी हा प्रकार घडलेला असतो आणि बऱ्याच घरांत मशीन घेतलेलंही असतं. घरात स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट आहे, म्हणून वर्ग पहिल्या मिनिटापासून जागा राहतो.

मी चार ग्लास मांडते. एकात नळाचं पाणी. दुसऱ्यात इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर. तिसऱ्यात तेच डिस्टिल्ड वॉटर आणि चिमूटभर घरातलं मीठ. चौथ्यात डिस्टिल्ड वॉटर आणि चमचाभर साखर. प्रत्येकात लोखंडाचे दोन साधे खिळे (जस्ताचा मुलामा नसलेले) आणि त्यांना जोडलेली ९ व्होल्टची बॅटरी. विक्रेत्याचं यंत्र थेट घरातल्या विजेवर चालतं, ते वर्गात अजिबात आणू नका. बॅटरीवर वेळ जास्त लागतो, पण तेच हवं आहे, कारण तेवढ्या वेळात मुलांकडून भाकीत लिहून घ्यायचं असतं. कोणता ग्लास सर्वांत गढूळ होईल आणि का, हे वहीत, पेनने, बॅटरी जोडण्याच्या आधी. ही अट सोडू नका. निकाल दिसल्यावर प्रत्येकाला ‘मला हेच वाटलं होतं’ असं वाटतं, आणि मग शिकणं होत नाही.

अर्ध्या तासात मिठाचा ग्लास सर्वांत घाण दिसतो. नळाचा त्यानंतर. डिस्टिल्ड आणि साखरेचा जवळजवळ तसेच राहतात. आता प्रश्न: मीठ आपण रोज खातो, मग ती घाण कुठून आली? दहा-पंधरा मिनिटं वर्ग झगडतो. कुणीतरी खिळे बाहेर काढून पाहतं, आणि एक खिळा खरवडल्यासारखा दिसतो. घाण पाण्यात नव्हतीच, खिळ्यातून आली. क्षार विरघळलेल्या पाण्यातून वीज वाहते, लोखंड झिजतं आणि त्याची संयुगं गाळ होऊन दिसतात. क्षार नसले तर वीज वाहत नाही आणि गाळही होत नाही. त्या प्रात्यक्षिकाने पाण्यात क्षार आहेत एवढंच कळतं. पाणी पिण्यालायक आहे की नाही, हे कळत नाही.

इथे मी टीडीएस मीटर (पाण्यात एकूण विरघळलेले क्षार किती ते सांगणारं छोटं यंत्र) काढते. साखरेच्या पाण्यात मीटर जवळपास शून्य दाखवतो. चमचाभर साखर आत आहे आणि मीटरला पत्ता नाही! कारण हा मीटर पाण्याची विद्युतवाहकता मोजतो आणि त्यावरून क्षारांचा अंदाज सांगतो. साखरेने वाहकता वाढत नाही. मग मुलं स्वतःच विचारतात की जंतू कळतात का? नाही कळत. कीटकनाशक? नाही. फ्लोराइड? यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड जिल्ह्यांत काही गावांच्या भूजलात फ्लोराइड जास्त आहे. भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, फ्लोराइडची मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम आहे, दुसरा स्रोत नसेल तर १.५. एकूण विरघळलेल्या क्षारांची मर्यादा ५०० मिलिग्रॅम, दुसरा स्रोत नसेल तर २०००. म्हणजे मीटरवर ३०० आकडा दाखवणाऱ्या, ‘चांगल्या’ पाण्यात ३ मिलिग्रॅम फ्लोराइड असू शकतं, आणि ८०० आकड्याचं पाणी चवीला जड लागलं तरी दुसरा काही दोष नसेल तर दुसऱ्या मर्यादेत बसतं.

एवढं झालं की फळ्यावर एक प्रश्न लिहायचा आणि सत्रभर पुसायचा नाही: ‘नेमकं काय मोजलं, आणि सांगितलं काय?’ काढा, केसांचं तेल, ‘प्रतिकारशक्ती वाढवणारं’ पेय, सगळीकडे तो लागू पडतो. यात रसायनशास्त्र आलं की नाही? आलं, आणि मुलांनी ते मागून घेतलं. तुम्ही विचारलेल्या ‘किती खोलात’ या प्रश्नाला माझं उत्तर हेच आहे: दावा तपासायला जितकं लागेल तितकं, आणि त्याच क्षणी.

दुसरा मोठा विषय सर्पदंश. ग्रामीण भागातल्या वर्गात साप न पाहिलेलं मूल नसतं, आणि मांत्रिकाने उतरवलेल्या विषाची एक तरी गोष्ट प्रत्येक घरात असते. ती गोष्ट खोटी आहे असं म्हणून सुरुवात करू नका. माणूस खरोखरच मांत्रिकाकडे गेला होता आणि खरोखरच वाचला होता. मी ती फळ्यावर लिहून घेते आणि आकड्यांचा खेळ मांडते. समजा, १०० जणांना साप चावला आणि सगळे मांत्रिकाकडे गेले. आपल्याकडचे बहुसंख्य साप बिनविषारी आहेत. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चार प्रमुख विषारी साप धरले, तरी ते प्रत्येक चाव्यात विष सोडतातच असं नाही. समजा, शंभरातल्या ७० जणांच्या अंगात विष गेलंच नव्हतं. मांत्रिकाने काहीही केलं तरी हे ७० वाचणारच. आता गावात किती गोष्टी फिरतील? वाचलेल्या सत्तरांच्या सत्तर. उरलेल्या ३० पैकी जे दगावले त्यांच्याबद्दल लोक म्हणतात, ‘आणायला उशीर झाला.’ आकडे कल्पित आहेत हे मुलांना स्पष्ट सांगा आणि ७० च्या जागी ५० किंवा ९० घालून बघायला लावा. आकडा बदलला तरी मांत्रिकाकडे यशाच्या गोष्टी साचतच राहतात, हे त्यांचं त्यांना दिसतं.

फळ्यावरचा दुसरा प्रश्न इथे येतो: ‘कशाच्या तुलनेत?’ मांत्रिकाकडे न गेलेल्या तशाच १०० जणांचं काय झालं, हे ठाऊक नसेल तर ‘गुण आला’ या वाक्याला अर्थ नाही. आणि हा विषय खेळापुरता नाही. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने दरवर्षी सरासरी ५८,००० माणसं गेली असा अंदाज प्रसिद्ध झाला आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली सर्पदंशाला दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांच्या यादीत घेतलं. उपचार प्रतिसर्पविषाचा, आणि त्यात प्रत्येक तास मोलाचा. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचार घेण्यापासून रोखणं हा गुन्हा धरला आहे. कायद्याचं कलम मी वर्गात वाचून घेते. कला शाखेत राज्यशास्त्राची मुलं असतात, ती ते छान समजावतात.

मग तुलना करायची तर ती कशी, याला आपल्याच मातीतलं उदाहरण आहे. कोकणात लाल विंचवाच्या दंशाने माणसं, विशेषतः लहान मुलं, हृदय आणि फुप्फुसांवरच्या परिणामाने दगावत. महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांनी रुग्णांच्या उशाशी बसून लक्षणं नोंदवली, १९८२ साली ती ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली, आणि पुढे प्राझोसिन या औषधाने मृत्यू खूप खाली आणता येतात हे त्यांनी दाखवलं. मग प्रश्न आला की प्राझोसिनसोबत विंचवाच्या विषावरचं प्रतिविष दिलं तर आणखी फायदा होतो का? महाडमध्येच ७० रुग्णांवर चाचणी झाली आणि २०११ साली ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकात आली. ३५ जणांना दोन्ही औषधं, ३५ जणांना फक्त प्राझोसिन, आणि कुणाला काय द्यायचं ते यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे चिठ्ठी टाकल्यासारखं, ठरलेलं. दहा तासांत पूर्ण बरे झालेले पहिल्या गटात ३५ पैकी ३२, दुसऱ्या गटात ३५ पैकी ८.

या चार ओळींवर दोन तास सहज जातात. चिठ्ठी का? डॉक्टरांनी आपल्या मनाने गट पाडले असते तर काय बिघडलं असतं? (कुणीतरी हमखास म्हणतं, ‘जास्त आजारी असतील त्यांना डॉक्टर दोन्ही औषधं देणार ना!’ वर्गात इतकं नेमकं उत्तर आलं की मला फार बरं वाटतं.) एका गटाला काहीच औषध न देता पाहायला काय हरकत होती? ही चर्चा नीतीवर जाते, आणि तत्त्वज्ञानाच्या मुलांना तिथे आवाज सापडतो. कोणाला काय दिलं हे डॉक्टरांना आणि रुग्णांना माहीत होतं. त्याने निकालावर परिणाम झाला असेल का? हा या चाचणीतला कच्चा दुवा आहे, आणि तो मुलांना दाखवायलाच हवा. चांगल्या संशोधनातही उणीव असते, ती उघड लिहिलेली असते आणि तरीही त्यावरून काही ठामपणे सांगता येतं. मुलांच्या मनात दोनच खण असतात, ‘सिद्ध झालं’ आणि ‘खोटं’. त्यांच्या मधली जागा या चाचणीमुळे दिसते.

इथवर दोन प्रश्न झाले: नेमकं काय मोजलं, आणि कशाच्या तुलनेत. तिसरा योगायोगाचा, त्यावर फार वेळ लागत नाही. पुण्यात डॉ. जयंत नारळीकर, डॉ. नरेंद्र दाभोलकर, संख्याशास्त्राचे सुधाकर कुंटे आणि प्रकाश घाटपांडे यांनी फलज्योतिषाची चाचणी घेतली होती. तिचा अहवाल २००९ साली ‘करंट सायन्स’ या विज्ञान नियतकालिकात आला. हुशार मुलं आणि मतिमंद मुलं, अशा दोन गटांच्या पत्रिका मिसळून ज्योतिषांना प्रत्येकी ४० दिल्या आणि कोणती पत्रिका कोणत्या गटातली ते ओळखायला सांगितलं. उत्तरं २७ जणांनी पाठवली. निकाल सांगण्याआधी मी प्रत्येक मुलाला नाणं ४० वेळा उडवून छापे मोजायला लावते आणि फळ्यावर आलेख काढते. बहुतेकांचे आकडे १४ ते २६ च्या मध्ये पडतात, आणि वर्गातल्या कुणाचे तरी २५-२६ छापे पडलेले असतातच. त्या मुलाला नाण्यावर हुकमत आहे का, असं विचारायचं. मग सांगायचं की ज्योतिषांमधली सर्वोत्तम कामगिरी ४० पैकी २४ होती, आणि सरासरी २० च्याही खाली. एक सूत्रही न लिहिता संख्याशास्त्राची सर्वांत महत्त्वाची कल्पना पोचलेली असते.

चौथा प्रश्न खात्री किती, याचा. त्यासाठी हवामानाचा अंदाज घ्या, कारण त्यावर घरात रोज बोलणं होतं. २०१७ साली बीड जिल्ह्यातल्या माजलगाव तालुक्यातल्या शेतकऱ्यांनी अंदाज चुकला म्हणून हवामान खात्याविरुद्ध पोलिसांत तक्रार दिली होती. पेरलेलं बियाणं वाया जाण्याचं दुःख खरं आहे, वर्गात त्यावर कुणी हसलं तर लगेच थांबवा. त्यानंतर विचारा की देशात सरासरीच्या १०६ टक्के पाऊस, या अंदाजातून माझ्या तालुक्यात जूनच्या शेवटच्या आठवड्यात काय होईल ते कळतं का? देशाची जून ते सप्टेंबरची सरासरी ८७ सेंटिमीटर, तीही चार महिन्यांची, सगळ्या देशाची. २०२४ च्या एप्रिलमधल्या अंदाजात १०६ टक्क्यांसोबत अधिक-उणे ५ टक्क्यांची चूक सांगितलेली होती, बातमीच्या मथळ्यात ती आली नाही. रोजच्या अंदाजातली ‘तुरळक ठिकाणी’ ही शब्दयोजनाही मोघम नाही: त्या विभागातल्या २५ टक्क्यांपर्यंत केंद्रांवर पाऊस. ‘काही ठिकाणी’ म्हणजे २६ ते ५०, ‘बऱ्याच ठिकाणी’ ५१ ते ७५, त्यापुढे ‘बहुतांश ठिकाणी’. मुलं महिनाभर अंदाज आणि आपल्या गावचा पाऊस शेजारी-शेजारी लिहून ठेवतात. हाच प्रकल्प, आणि त्याला मी गुण देते.

आता ज्या भागाची मला सर्वांत जास्त काळजी वाटते तो. वरचे चारही प्रश्न शिकलेला मुलगा उद्या लसीबद्दल किंवा जनुकबदल केलेल्या बियाण्याबद्दल स्वतः पुरावा तपासू शकेल का? नाही. मीही माझ्या विषयाबाहेर तपासू शकत नाही. तिथे विश्वास कोणावर ठेवायचा हे ठरवावं लागतं, आणि ‘स्वतः शोध घ्या’ असं मोघम सांगून सोडलं तर मूल थेट यूट्यूबवर पोचतं. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी इतिहासाचे प्राध्यापक, विद्यार्थी आणि व्यावसायिक तथ्यतपासनीस यांना अनोळखी संकेतस्थळं तपासायला दिली होती. तथ्यतपासनीस सरस ठरले, कारण ते त्या पानावर रेंगाळले नाहीत. लगेच बाहेर पडून, हे लोक कोण आणि इतर त्यांच्याबद्दल काय म्हणतात ते पाहू लागले. मी मुलांना हेच फोनवर करायला लावते, पाच मिनिटांचं बंधन घालून.

इथे तुमच्या मुलांकडे तुमच्यापेक्षा जास्त शिदोरी आहे, ती वापरा. इतिहासाच्या मुलांना समकालीन पत्र आणि शंभर वर्षांनी लिहिलेली बखर यांतला फरक माहीत असतो. वाणिज्यच्या मुलांना ठाऊक असतं की लेखापरीक्षक कंपनीशी हितसंबंध नसलेला का लागतो आणि व्हाउचर का मागतात. ‘हे संशोधन कोणी केलं, पैसे कोणी दिले, दुसऱ्या कोणी पडताळलं का’ हे प्रश्न त्यांच्या ओळखीचे आहेत, फक्त ते विज्ञानालाही लागू पडतात हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. एक शोधनिबंध, अनेक निबंधांचा एकत्रित आढावा आणि त्या क्षेत्रातल्या बहुसंख्य तज्ज्ञांचं मत यांचं वजन सारखं नसतं, हे त्यांच्या भाषेत सांगितलं की पटकन बसतं.

श्रद्धेचा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण तो तिसऱ्या आठवड्यात वर्गात येईलच. नुसती माहिती वाढवून मतं बदलत नाहीत. अमेरिकेत २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, ज्यांची वैज्ञानिक आणि आकड्यांची समज अधिक होती त्यांच्यातच हवामानबदलाच्या धोक्याबद्दल गटागटांतली दरी अधिक रुंद दिसली. हुशार माणूस आपल्या गटाची बाजू जास्त हुशारीने लढवतो. म्हणून एखाद्या मुलीला वर्गासमोर तिच्या घरातल्या प्रथेचा जाब विचारू नका. ती गप्प बसेल आणि तुमचा विषय कायमचा सोडेल. मी दावे तपासते, माणसं नाही. आणि तपासता येणाऱ्या दाव्यांपुरतंच बोलते: देव आहे का, हा माझ्या तासाचा प्रश्न नाही. मूर्ती दूध पिते का, हा आहे. २१ सप्टेंबर १९९५ ला गणपतीची मूर्ती दूध पिते अशी बातमी देशभर पसरली होती, त्या दिवसाबद्दल घरातल्या मोठ्यांना विचारून या, असा गृहपाठ मी देते. आई-वडील, आजी तपशिलाने सांगतात: रांग किती होती, स्वतः चमचा धरला तेव्हा काय दिसलं. मुलं ते आदराने लिहून आणतात. मग आम्ही मातीची कोरडी मूर्ती, एक धातूची मूर्ती आणि रंग घातलेलं दूध घेऊन बसतो. पृष्ठताणामुळे दूध चमच्यातून ओढलं जातं, मूर्तीवरून पातळ थराने खाली उतरतं, आणि रंगामुळे ती वाट दिसते. आजीने जे पाहिलं ते खरंच पाहिलं होतं, एवढं मुलाला घरी जाऊन सांगता येतं. राज्यघटनेच्या ५१ क अनुच्छेदात, १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने, वैज्ञानिक दृष्टिकोन, मानवतावाद आणि चिकित्सक वृत्ती एकाच वाक्यात आली आहेत. मानवतावादाचा भाग शिकवण्याच्या पद्धतीतही दिसला पाहिजे.

परीक्षेबद्दल थोडं स्पष्ट बोलते, कारण सगळं तिथे अडतं. तुम्ही कितीही जीव ओतून शिकवा, पेपरात ‘टीडीएस म्हणजे काय?’ आलं की पुढच्या वर्षीची मुलं नोट्स पाठ करून येणार. म्हणून सत्राच्या आधी प्रश्नपत्रिका लिहा, मग तास आखा. माझा नेहमीचा एक प्रश्न असा: ‘आमचं चूर्ण घेतलेल्या ५०० पैकी ४५० जणांची सर्दी सात दिवसांत बरी झाली, अशी जाहिरात आहे. चूर्णाचा गुण आला हे यावरून ठरतं का? आणखी कोणती माहिती मागाल आणि ती मिळाली तर तुमचं मत कसं बदलेल?’ दहा गुण. चूर्ण न घेतलेल्यांची सर्दी किती दिवसांत बरी होते हे विचारलं तर चार, ‘बरी झाली’ कुणी आणि कसं ठरवलं याला तीन, मत कोणत्या माहितीने कोणत्या बाजूला झुकेल याला तीन. ‘जाहिराती खोट्या असतात’ एवढंच लिहिणाऱ्याला शून्य, आणि हे आधी सांगून ठेवते. सगळ्यावर सरसकट अविश्वास दाखवणं सोपं असतं, आणि असा मुलगा उद्या लसीवरही तितक्याच सहज अविश्वास दाखवतो. प्रश्नातला दावा दर वर्षी नवा असावा, त्या आठवड्यातल्या वर्तमानपत्रातला असेल तर उत्तम. अंतर्गत गुणांचं काम वर्गातच, हाताने लिहून घ्या आणि दोन-दोन मिनिटांची तोंडी परीक्षा ठेवा. घरी दिलेलं लेखन आता फोनमधला चॅटबॉट करून देतो.

गणिताची भीती तुम्ही वाटून घेऊ नका. टक्केवारी ऐवजी माणसं मोजायला लावा. ‘धोका दुप्पट झाला’ ऐकून घाबरलेला वर्ग, दहा हजारांत एकाचे दोन झाले हे लिहिल्यावर स्वतःच विचारतो की मग घाबरायचं किती. बेरीज-वजाबाकीच्या पुढे मी क्वचितच जाते.

पुढच्या सत्रात एवढं सगळं बसणार नाही. बसवायचा प्रयत्नही करू नका. पाणी आणि सर्पदंश हे दोन विषय घ्या, त्यांना निम्म्याहून जास्त तास द्या, आणि पावसाच्या नोंदी पहिल्याच आठवड्यात सुरू करा, म्हणजे शेवटी हाताशी महिन्याभराचे आकडे असतील. तुमच्या भागात सर्पदंशापेक्षा बोअरवेलसाठी नारळ घेऊन पाणी दाखवणाऱ्या पाणाड्यांचा विषय जास्त जवळचा असेल, तर तो घ्या. तुलनेचा प्रश्न तिथेही तसाच लागू पडतो: कोरड्या गेलेल्या बोअरची यादी कोणाकडे आहे? गावातून ती यादी करून आणायला मुलांना पाठवा, आणि तालुक्यातल्या विहिरींच्या पाणीपातळीच्या नोंदी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयात मागा. खिळे, बॅटरी, डिस्टिल्ड वॉटर आणि टीडीएस मीटर एवढं सामान किरकोळ खर्चात येतं, विभागाच्या बजेटमध्ये ते आत्ताच मागून ठेवा.